बांधाकडच्या चार ओळी

५ नोव्हेंबर २०२४

रतनआक्का,

तू फोन कानाला लावत नाहीस. बोलणारा माणूस डोक्यात शिरतो आणि मग बाहेर निघत नाही, असं तूच एकदा म्हणाली होतीस. म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय आणि दोन ओळींत जागा सोडलीय. रजनीबाईंकडून वाचून घेऊ नकोस, तुझं तू वाच. आपल्या गावच्या शाळेत त्यांनी तुला चौथीपर्यंत शिकवलं ते याच दिवसासाठी, असं समज.

दिवाळी झाली. गोठ्यातला दिवा तू लावायचीस, तो यंदा मी लावला. आईने करंज्या केल्या आणि तुझ्या वाटणीच्या डब्यात भरून ठेवल्या. डबा अजून फळीवर आहे. आबा कुणाशी बोलत नाहीत. ते आधीही फार बोलत नव्हते, त्यामुळे नक्की कळत नाही.

कापणी चालू आहे. बियाण्याचा प्लॉट पास झाला. गंगाधर सरांनी तपासणीच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "अख्ख्या प्लॉटात एक झाड वेगळं सापडलं नाही. पहिल्याच वर्षी असं होत नसतं." गटातले नऊही शेतकरी खूश आहेत. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी इंद्रायणी लावली होती. आता त्यांचं भात बियाणं म्हणून तालुकाभर जाईल. हे तुला सांगावंसं वाटलं, कारण त्या प्लॉटात सगळ्यात जास्त वाकली होतीस तू.

आता बांधाकडच्या त्या चार ओळींबद्दल. आक्का, तपासणीच्या आदल्या दिवशी माझी फार घाई झाली होती. प्लॉटात दुसऱ्या जातीचं झाड दिसलं की ते मुळासकट काढायचं, भेसळ काढायची, हे तुला माहीत आहे. माझ्याबरोबर तूही दोनदा काढलीस. त्या दिवशी ऊन उतरलं होतं, बांधाकडे काळी कुसळं दिसली आणि मी उपटत गेले. ती तू मुद्दाम वेगळी लावलेली आहेत हे माझ्या लक्षात आलं नाही. नजरचूक झाली. नजरचुकीसाठी कुणी घर सोडतं का?

मे महिन्यात भाताच्या रोपासाठी राब भाजायचा आहे. तोवर तरी ये. रजनीबाईंचं लोणावळा काही परदेश नाही. कामशेतहून गाडी धरली तर पाऊण तासाचं अंतर आहे. पण तू गाडीत बसत नाहीस, तेही मला माहीत आहे.

तुझी
स्नेहल


२४ नोव्हेंबर २०२४

आक्का,

रजनीबाईंचं कार्ड आलं. तू बरी आहेस, त्यांच्या बंगल्याची बाग बघतेस, बाग आता ओळखू येत नाही, असं त्यांनी लिहिलंय. मग लिहिलंय, "तुझं पत्र तिने तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी म्हणाली, 'खोटं हाय.'"

कार्ड मी दप्तरात ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं. आईने विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "बरी आहे."

हो. खोटं होतं.

ते भात तुझं आहे हे मला माहीत होतं. मी बारावीत होते तेव्हा ओढ्याकडच्या खाचरात, इंद्रायणीच्या मधोमध, एक झाड तुला दिसलं. गुडघाभर भातात कमरेएवढं. बुडाला जांभळं आणि लोंबीला लांब काळी कुसळं. तू त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलीस, म्हणजे कापताना कुणाचा विळा लागू नये. पुढच्या वर्षी मूठभर रोप झालं. त्याच्या पुढच्या वर्षी एक ओळ. मग चार. वाडीतले लोक त्याला रतनचं येडं भात म्हणायचे आणि तू ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस. मी विचारलं होतं, "याचं करणार काय तू?" तू दुसऱ्या दिवशी उत्तर दिलंस, नेहमीसारखं. भाकरी थापता थापता म्हणालीस, "बगायचं."

आणखी एक मला माहीत होतं. दोन जातींमध्ये तीन मीटर जागा सोडायची हे सरांनी जुलैत सांगितलं, तेव्हा तू बांधावर उभी होतीस. तुझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तू लावणीला चार मीटर सोडलंस. नंतर मी टेपने मोजलं होतं. तुझ्या ओळी नियमात बसत होत्या, आक्का. त्या तशाच राहिल्या असत्या तरी प्लॉट पास झाला असता.

मग का उपटल्या? मी स्वतःला हे खूप वेळा विचारलं आणि दर वेळी थोडं वेगळं उत्तर दिलं. आज जे आहे ते लिहिते. आपला प्लॉट एका उंचीचा, एका रंगाचा, वरून पाट फिरवल्यासारखा दिसत होता. माझ्या आयुष्यात मी केलेली ती पहिली नीट गोष्ट होती. आणि त्याच्या शेजारी ते उंच, काळं, वाऱ्याने चारी दिशांना झुकलेलं. मला वाटलं, सर विचारतील हे काय. आणि मला सांगता येणार नाही.

तू डोंगरावरून गवताचा भारा घेऊन उतरलीस तोवर मी सगळं म्हशीपुढे टाकलं होतं. पिकायला आलं होतं ते, दोन दिवसांत तू कापणार होतीस. भारा खाली न ठेवता तू गव्हाणीपाशी उभी राहिलीस. म्हशीच्या तोंडातलं एक धाट धरून ओढलंस. ती सोडेना. मग तूच सोडलंस.

मी चुलीपाशी बसून हे सगळं बघत होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

स्नेहल


१९ जानेवारी २०२५

आक्का,

तुला हसू येईल. काल मला बघायला आले होते. तळेगावचे आहेत. मुलाचं नाव रुचिर, वराळ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. आईने नवीन कपबश्या काढल्या. त्यांतल्या एकीचा कान तुटलेला निघाला, तर ती आबांना दिली.

मी आत होते. मुलाच्या आईने विचारलं, "घरी कोण कोण असतं?" आबा म्हणाले, "आमी दोगं आन् ही पोरगी."

मी चहा घेऊन बाहेर आले ती बोलतच. "मला मोठी बहीण आहे. रतन. सध्या लोणावळ्याला असते."

"अगंबाई, लोणावळ्यात दिली का?"

"नाही. लग्न नाही केलं तिने."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे... नॉर्मल आहे ना सगळं?"

आक्का, मला 'हो' म्हणायचं होतं. मुलगा मला आवडला होता, हेही सांगून टाकते. त्याने भाताच्या गटाबद्दल तीन प्रश्न विचारले होते आणि तिन्ही शहाणे होते. 'हो' म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पण तो शब्द माझ्या तोंडून निघेना. उलटंच काहीतरी निघालं. मी म्हटलं, "लाउडस्पीकर लागला की ती डोंगरावर जाते. विचारलेल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी देते. मयतीला एकदा हसली होती. आणि आमच्या वाडीत तिच्यासारखा राब कुणाला भाजता येत नाही."

"राब म्हणजे?" बाईंनी विचारलं. रुचिर हसला. चांगलं हसला. आई म्हणाली, "पोहे घ्या ना."

ते गेल्यावर आई कडाडली. "येवढं समदं सांगायची काय गरज व्हती? इचारलं तेवढं बोलावं मानसानं. शिकलीस कशाला मग?"

आबा पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "खोटं न्हाई बोलली ती." आणि गोठ्यात गेले.

तळेगावहून निरोप अजून आलेला नाही.

हे मी स्वतःचं कौतुक करून घ्यायला लिहीत नाही. लिहायचं आहे ते वेगळंच. तीन महिने ते पेनाच्या टोकाशी येऊन थांबतंय. तपासणीच्या दिवशी सर प्लॉट बघून बांधावर आले. तू गवताच्या पेंढ्या बांधत होतीस. माझ्यापासून सहा पावलांवर. अनवाणी, डोक्याला आबांचा टॉवेल. सरांनी विचारलं, "या कोण?"

मी म्हटलं, "कामाला येतात."

'येतात' म्हटलं. जसं काही मानाने बोललं की झालं.

सर म्हणाले, "चांगला हात आहे." तू पेंढी बांधून पुढची घेतलीस. संध्याकाळी तू नव्हतीस. मळवलीच्या पुढे रुळाच्या कडेने तुला चालताना कुणीतरी बघितलं, एवढं दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याआधी दोनच महिने, पंधरा ऑगस्टला, घरातली पहिली पदवीधर म्हणून ग्रामपंचायतीने मला नारळ आणि शाल दिली होती. मी भाषण केलं होतं. प्रत्येक माणूस वेगळा असतो आणि तीच त्याची श्रीमंती, असं म्हणाले होते. टाळ्या पडल्या. तू आली नव्हतीस, माइक होता म्हणून. तेव्हा मला बरं वाटलं होतं की तू आली नाहीस.

दोन पत्रं मी तुझ्याशी भाताबद्दल बोलत राहिले. भाताची माफी मागता येत होती, म्हणून. तू गेलीस ती माझ्या त्या दोन शब्दांमुळे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

स्नेहल


११ एप्रिल २०२५

आक्का,

रजनीबाईंचं दुसरं कार्ड जपून ठेवलं आहे. त्यांनी तुला विचारलं म्हणे, स्नेहल 'कामाला येतात' म्हणाली ते तुला लागलं का. तू दुसऱ्या दिवशी गुलाबांना पाणी घालताना म्हणालीस, "कामालाच गेलते मी. मग काय म्हननार ती?"

मी हे किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

म्हणजे माझे शब्द तुला लागलेच नाहीत. तीन महिने मी त्यांना उराशी धरून रडत होते आणि तुझ्यासाठी ते नुसते खरे होते. तू भातासाठी गेलीस. तू सहा वर्षं काहीतरी बघत होतीस, ते बघायचं राहिलं नाही, मग इथे थांबून करायचं काय. एवढं सरळ होतं ते. मला वाटत होतं मी तुझी लाज बाळगते म्हणजे मी तुला ओळखते. मला तुझं काहीच कळलेलं नाही, आक्का. पस्तीस पावलांवर गोठा, त्यात तू, आणि मी तालुकाभर लोकांना शेती समजावत हिंडते.

आता खरी बातमी. बाईंना सांगू नकोस, आधी तू वाच.

परवा मी उंबऱ्यात बसून यादी करत होते. वरून काहीतरी पडलं, वहीवर. काळं कुसळ. वर बघितलं तर दाराच्या तोरणावर चिमणी. दसऱ्याचं तोरण, आक्का! झेंडू वाळून करडा झालाय, आंब्याची पानं कुरकुरीत झालीत, आणि मधे मधे तू गुंफलेल्या लोंब्या. दर वर्षी इंद्रायणीच्या लोंब्या असतात. यंदा तू तुझ्या घातल्या होत्यास. माझ्या हातून जे झालं त्याच्या दोन दिवस आधी. सहा महिने मी त्यांच्याखालून जा-ये करत होते.

आई म्हणाली, "आता काय ऱ्हायलंय त्यात? चिमन्यांनी खाल्लं समदं."

मी स्टुलावर चढले. आबा ओट्यावरून ओरडले, "तोरन उतरायचं न्हाई हां! दसऱ्याबिगर उतरायचं न्हाई."

"उतरवत नाही, आबा. नुसतं बघते."

तोरण जागेवर ठेवून मी दाणा दाणा काढला. मान अवघडली. आबा उठून आले आणि स्टूल धरून उभे राहिले. सगळे मिळून एकतीस दाणे निघाले. काही पोचट असतील. शिकल्याप्रमाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे फेकून द्यायला हवे होते. टाकले नाहीत. तू कधी टाकत नाहीस.

ते दाणे आईच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात आहेत, देवळीत. मी पेरणार नाही. माझा हात त्यांना पुन्हा लागायला नको. पण भात फार दिवस थांबत नाही हे तुला मी सांगायला नको. यंदा रुजले तर रुजले. पुढच्या वर्षी त्यांत जीव राहील याची खात्री नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. त्यांच्यासाठी ये.

स्नेहल


१३ मे २०२५

आक्का,

तू आलीस आणि मी नव्हते.

काल मी वराळ्याला होते. तिथल्या शेतकऱ्यांसमोर दीड तास गादीवाफ्याचे फायदे सांगत होते. राब भाजण्याची पद्धत जुनी झाली, शेण आणि पालापाचोळा जाळून वाया का घालवायचा, वगैरे. चार वाजता घरी आले, तर परसात धुराचा वास. ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाटाएवढी जमीन काळी झालेली, अजून कोमट. कडा कशा सरळ! एक पान अर्धं जळालेलं नाही, एक ढेकूळ पांढरं पडलेलं नाही. मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले.

आई म्हणाली, "सकाळच्या पारी आली. चालत. च्या पेली, करंजीचा डबा उगडून बगितला आन् पुन्ना लावला. मंग म्हनली, 'करंडा कुटं हाय?'"

"आणि?"

"आनी काय? डहाळ्यांची कवळ तोडून आनली, शेन पसारलं, वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवलं. म्या म्हनलं, येवढ्याश्या जागंला येवढा उपद्व्याप? काय बोलंल तर शपत. निवल्यावर दानं टाकलं, वर माती चाळली. तुज्या आबांनी झारी भरून दिली तिला."

"थांबते म्हणाली का?"

"न्हाई."

"माझी वाट बघितली का?"

आईने तांदळातला खडा काढून टाकला. मग म्हणाली, "दोनदा रस्त्याकडं बगितलं तिनं. पन तिचं काय कळतंय व्हय? गुरं बगत आसंल." आणि थोड्या वेळाने, "जाताना म्हनली, स्नेहलीला सांग, पानी झारीनं घालायचं. पाइपानं न्हाई."

ती झारी आता माझ्या खोलीत आहे. कुणी नेऊ नये म्हणून.

मी काल अर्धा तास आधी निघाले असते, शेवटच्या माणसाच्या शंकेला 'नंतर बोलू' म्हटलं असतं, तर तू मला दिसली असतीस. कान्ह्याच्या फाटकापाशी बस थांबली होती. त्या वेळी तू कदाचित तिथूनच, रुळापलीकडून गेली असशील. मी खिडकीत होते. मी मोबाइलमध्ये बघत होते.

सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. झारीने.

स्नेहल


२९ मे २०२५

आक्का,

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय, त्यामुळे झारी आठवड्यापासून कोरडी आहे. वाफ्यावर मी पोतं ताणून मांडव केलाय, थेंबांचा मार बसू नये म्हणून. आबांनी चारी कोपऱ्यांना काठ्या रोवून दिल्या. काल शेजारच्या जानूमावशी कुंपणातून डोकावून म्हणाल्या, "येवढ्याश्या भाताला मांडव? लगीन हाय का त्याचं?" आबा म्हणाले, "रतनचं हाय." बस, एवढंच. तुझं नाव आबांनी सात महिन्यांत पहिल्यांदा घेतलं.

तळेगावहून निरोप आला. त्यांना दुसरीकडे जमलं. मी दोन दिवस जेवले नाही आणि तिसऱ्या दिवशी जेवले.

तेवीस उगवले. एकतीसपैकी तेवीस. बाकीचे पोचट होते की मी काढताना दुखावले, कोण जाणे. आता तीन-तीन पानांचे झालेत. रोज सकाळी मी उकिडवी बसून बघते. शिकताना मी भात बघायचे ते काय चुकलंय हे शोधायला. तू म्हणायचीस ते 'बगायचं' वेगळं आहे, आणि मला ते अजून नीट जमत नाही. मधेच मनात मोजणी सुरू होते. पण काल बराच वेळ जमलं. पानाच्या टोकाला पाणी गोळा होतं, पान वाकतं, थेंब पडतो, पान वर येतं. एवढंच बघत होते. आई हाक मारत होती म्हणे, मला ऐकू आली नाही.

बावीस रोपं बुडाला जांभळी आहेत. तुझी.

तेविसावं हिरवं आहे. बुडापासून शेंड्यापर्यंत नुसतं हिरवं, चारचौघांसारखं. तोरणात इंद्रायणीची एखादी लोंबी अडकली असेल आणि तिचा दाणा माझ्या हाताला लागला असेल. आपल्या प्लॉटात असतं तर त्याच्याकडे कुणी वळून बघितलं नसतं. या वाफ्यात मात्र भेसळ तीच आहे. माझी बोटं आपोआप त्याच्या बुडाशी गेली होती, आक्का. सवय आहे. मग मी हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

उपटलं नाही. त्याला चिंधी बांधली आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रोप लावणीला येईल. बांधाकडची जागा मी मोकळी ठेवली आहे, चार मीटर सोडून. त्या एकाला कुठे लावायचं, तुझ्या ओळीत की पलीकडे, हे मला ठरवता येत नाही. तू येऊन सांग. लगेच नको, दुसऱ्या दिवशी सांगितलंस तरी चालेल. तेवढी एक रात्र राहा.

आता मी वाडी सोडून कुठेही जात नाही. रस्ता दिसेल अशा जागी बसते.

स्नेहल